स्थिर शाखा

"ताई, शेवटचं विचारतो. स्थिर ठेवू की चाचणी?"

विचारणारा ऑफिसातला संगणकवाला. लिनक्स या संगणकप्रणालीचा भक्त, तिचं बोधचिन्ह पेंग्विन, त्यात चालायचा डुलत डुलत, म्हणून सगळे त्यालाही पेंग्विन म्हणत. ताई म्हणजे पुलांचं गणित करणारी बाई. नव्या संगणकावर लिनक्सची कुठली शाखा बसवायची, यावरून दोघांची महिनाभर जुंपली होती. स्थिर शाखा जुनाट, पण मध्येच बदलत नाही. चाचणी शाखेत रोज काहीतरी नवं येतं आणि अधूनमधून काहीतरी मोडतंही.

"स्थिरच," हे बाईचं पालुपद. "मला रोज सकाळी नवा संगणक नको. कालचाच हवा."

आज मात्र ती समोरचे दोन आकडे पुन्हा पुन्हा पाहत होती. पेंग्विननं दोन डिस्कवर दोन्ही शाखा बसवून दिल्या होत्या आणि बाईनं दोन्हींवर एकच गणित घातलं होतं: दुरुस्त केलेला नदीवरचा पूल आज उघडला, तर भरल्या वाहतुकीत किती हलेल? नऊ मिलिमीटरपर्यंत चालतं. स्थिर म्हणाली, आठ. चाचणी म्हणाली, बारा. आणि पुलावरून पहिली बस नेणार होता बाईचा नवरा.

"चाचणीच बिघडली असेल रे," ती विनवल्यासारखं म्हणाली.

"बघितलं मी. गणिताच्या लायब्ररीत, म्हणजे तयार सूत्रांच्या संचात, चूक होती, ती चाचणीत दुरुस्त झालीय."

"आणि स्थिरमध्ये?"

"स्थिरमध्ये असं काही बदलत नाहीत ना ताई. चूकसुद्धा स्थिर."

तेवढ्यात साहेब आले. साहेबांचा आवाज असा, की ते बाहेर पडले तरी तो दोन मिनिटं खोलीत बसून राहायचा. त्यांनी दोन्ही आकडे पाहिले आणि आठावर बोट ठेवलं.

"साहेब, तो चुकीचा आहे."

"भरवशाची शाखा स्थिर, असं महिनाभर कोण सांगत होतं? तुम्हीच ना बाई? आता चाचणीच्या जोरावर पूल बंद ठेवू? वर काय सांगू, पेंग्विन म्हणाला?"

"एक दिवस द्या. हातानं ताडून बघते."

"तिकडे फीत कापून झाली, बाई!"

साहेबांनी पुलावरच्या फाटकवाल्याला फोन लावला. फोनची तशी गरज नव्हती, नुसती खिडकी उघडली असती तरी भागलं असतं. "उघड रे!" म्हणाले आणि निघून गेले.

बाईनं लगेच फाटकवाल्याला फोन केला. साहेबांनी उघडलेलं फाटक तुमच्या सांगण्यावरून कसं लावू, म्हणाला, आणि ठेवून दिला.

मग तिनं नवऱ्याला लावला. रिंग जाऊ लागली. पेंग्विन खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"उचलतील ना भावोजी?"

बाईनं फोन कानाला आणखी दाबला. बस हातात असली की तो फोनकडे ढुंकूनही पाहत नसे. तिच्या वडिलांनी याच एका गुणावर त्याला जावई म्हणून पसंत केलं होतं.