शालनचा आवाज

शालन आघाडीवरच्या इस्पितळात वारल्याची खबर सकाळी आली आणि संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांचं भाषण तिच्याच आवाजात घरी आलं. हल्ली प्रत्येक घराला ते त्याच घरातल्या मेलेल्या माणसाच्या आवाजात मिळे.

"अहो, माझं रक्त वाया जाऊ देऊ नका. केतकीला लढायला पाठवा," स्पीकर म्हणाला.

केतकीने रडत भरतीचा अर्ज पुढे ओढला. दत्तोबा मात्र हसला.

"थांब पोरी. तुझी आई मला कधी 'अहो' म्हणाली?"

"कधीच नाही. दत्त्याच म्हणायची. आजीसमोरसुद्धा."

दत्तोबाने अर्ज फाडला. मग गल्लीतल्या दारोदारी जाऊन विचारलं, "तुमचं माणूस खरंच असं बोलायचं का?"

त्या आठवड्यात गल्लीतून एकही अर्ज गेला नाही.

शालनचा देह घरी आणायचा तेवढा अजून राहिला आहे.