दोडक्याच्या शिरा

दोडक्याची भाजी सकाळीच मुलाच्या आणि सुनेच्या डब्यात गेली होती. राहिल्या होत्या त्या शिरा. भागीरथाबाईंनी त्यातल्या अर्ध्या उद्यासाठी वाटीत काढून ठेवल्या आणि अर्ध्या तव्यावर भाजायला घातल्या. वर चमचाभर तीळ, चार सुक्या मिरच्या. या घरात कोबीचा दांडा फेकायचा तरी त्यांची परवानगी लागे, आणि ती सहसा मिळत नसे.

बेल वाजली. नात दीक्षा कॉलेजला सुट्टी म्हणून घरीच होती, तिने दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधल्या सुभद्राबाई मोठा स्टीलचा डबा घेऊन उभ्या होत्या.

"काल नातवाचं बारसं होतं ना, लय उरलं वं बाई. मसालेभात हाये, बुंदी हाये. पाहुणे सकाळच्या गाडीनं दर्यापूरले गेले. आमी दोघं किती खाऊ? फेकाच्यापरीस म्हटलं तुमाले देऊन द्यावं."

दीक्षाने डबा घेतला. कॉलेजात तिने अन्न वाया घालवू नका म्हणून पोस्टर रंगवली होती. आजीचीच नात. ती खुशीतच स्वयंपाकघरात आली.

"आजी, आज रात्रीचा स्वयंपाक वाचला. काकूनं बारशाचं उरलेलं देलं."

भागीरथाबाईंनी गॅस बंद केला. काल दुपारभर समोरच्या दाराशी चपलांचा ढीग होता. या दाराची बेल मात्र वाजली नव्हती.

"तूच म्हणतं ना, अन्न वाया नाई गेलं पायजे," दीक्षा म्हणाली.

"म्हणते ना."

"मंग काहून अशी पाहून राहिली?"

भागीरथाबाई स्टुलावर बसल्या. "माहा बाप पाटलाच्या घरच्या लग्नात मांडवाबाहेर टोपलं घेऊन बसे. पंगत उठली का उरलंसुरलं त्याच्यात पडे. छप्पनमंदी तो नागपूरहून धम्म घेऊन आला, आन् मायनं ते टोपलं चुलीत घातलं. मी पाच वर्षाची होती. त्या दिवशी घरात खाले दाणा नव्हता. तरी घातलं."

दीक्षाचा चेहरा उतरला. "परत देऊन येऊ?"

"तिच्या तोंडावर? मनानं वाईट नाई ते. माहा पाय मुरगळला तवा दवाखान्यात कोणं नेलं मले?"

"मंग फेकू?"

"अन्न हाये ते," भागीरथाबाई म्हणाल्या.

डबा ओट्यावर तसाच होता. ठेवून घेववत नव्हता, परत करवत नव्हता, आणि फेकणं तर त्यांच्या हातून होणारच नव्हतं. शेवटी त्या उठल्या. भाजलेल्या शिरा, तीळ, मिरच्या आणि मीठ खलबत्त्यात घालून कुटलं. ज्वारीचं पीठ मळून तीन भाकरी थापल्या. मसालेभात गरम केला, तीन ताटं घेतली आणि चारही पदार्थ तिन्ही ताटांत सारखे वाढले.

"जाय, सुभद्राबाईले बोलाव. म्हण, ताट वाढलं हाये."

सुभद्राबाई पदराला हात पुसत आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. "अवं मावशी, हे तं मी तुमच्यासाठी आणलं होतं."

"माईत हाये. बसा."

सहा वर्षांत सुभद्राबाई या घरात कितीदा तरी आल्या होत्या. पण त्यांचा चहा दर वेळी आत्ताच झालेला असायचा, आणि चहा नसेल तर उपवास. भागीरथाबाईंनी कधी आग्रह केला नव्हता. आज बुधवार होता. बुधवारचा कोणताच उपवास सुभद्राबाईंना चटकन आठवला नाही.

"तुमी बसत असान तं आमी खातो," भागीरथाबाई शांतपणे म्हणाल्या. "नाई तं डब्यात भरून देते. राग नाई माहा."

दीक्षाला वाटलं, आता काकू निघून जाणार आणि उद्यापासून जिन्यात भेटल्या तर काय बोलायचं. सुभद्राबाई ताटांकडे बघत होत्या. भाताची वाफ विरत चालली होती.

मग त्या खाली बसल्या. भाताला हात न लावता त्यांनी आधी भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीला लावून तोंडात घातला. भागीरथाबाईंनीही मग आपलं ताट पुढे ओढलं आणि पहिला घास मसालेभाताचा घेतला.

"काल बलवाले पायजे होतं तुमाले," सुभद्राबाई ताटात बघत म्हणाल्या. "माह्याकडून चुकलंच ते."

"भात चांगला झाला," भागीरथाबाई म्हणाल्या. "पोराचं नाव काय ठेवलं?"

"विहान."

"चांगलं हाये."

जेवण रंगलं. सुभद्राबाईंनी चटणी दोनदा मागून घेतली. "कायची हाये वं मावशी?"

"दोडक्याच्या शिराची."

"अन् मी आतापावतर फेकूनच देत होती." त्या हसल्या. सहा वर्षांत या घरात त्या पहिल्यांदाच इतक्या मोकळ्या हसल्या असतील. "घरी आमच्या मालकाले लय आवडंल. उरली असंल तं द्या थोडी."

भागीरथाबाईंनी खलबत्त्यात पाहिलं. चार-पाच चमचे चटणी होती. त्यांनी त्यावर झाकण ठेवलं.

"उरलेली आमी संध्याकाळी खाऊ," त्या म्हणाल्या. "तुमाले ताजी करून देते. बसा दोन मिनिटं."

त्यांनी गॅस पेटवला आणि उद्यासाठी ठेवलेल्या शिरांची वाटी तव्यावर रिकामी केली, वर तीळ आणि मिरच्या टाकल्या. सुभद्राबाईंचा घास हातातच राहिला होता. तव्यावर तीळ तडतडायला लागले.