काचेचं रबर

जुनं रबर ओढलं तसे गुरुदासच्या हातात त्याचे तुकडेच आले. पन्नास वर्षांच्या उन्हानं ते लाकडासारखं कडक झालं होतं. त्यानं खोबणीत अडकलेला भाग स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढला, गंज खाली झाडला आणि ट्रकच्या दाराशी उभ्या असलेल्या संजनाकडे पाहिलं.

"इंजान नाय, बॅटरी नाय. ह्या गाडयेक नवीन रबर कशाक गो बाय?"

सकाळपासून त्यानं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

"पाणी भितर येता नये," संजना म्हणाली. "इतक्याच."

गुरुदास कुडाळहून आला होता. गाड्यांच्या काचा बसवण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. त्याला वाटलं, किनाऱ्यावरच्या एखाद्या हॉटेलवाल्यानं पर्यटकांच्या फोटोंसाठी ट्रक मागितला असेल. तसं तो बोललाही. संजनानं नकारार्थी मान हलवली. या मापाचं रबर आता कुठे मिळत नाही. दोन महिने फोन करकरून तिनं ते कोल्हापूरच्या एका जुन्या दुकानातून मिळवलं होतं.

मग तिनं त्याला सगळं सांगितलं.

ट्रक तिच्या वडिलांचा. तुकारामांनी तो चाळीस वर्षं चालवला. मालवण बंदरावरची मासळी बर्फात घालून कोल्हापूरला न्यायची, येताना भाजी भरून आणायची. इंजिन निकामी झालं तेव्हा ते काढून विकलं आणि उरलेला ट्रक कट्टा गावाजवळच्या त्यांच्या घरासमोर, खळ्याच्या कडेला चिऱ्यांवर उभा राहिला. तीन वर्षांपूर्वी तुकारामांना विसर पडू लागला. आधी ते वार विसरले, मग जेवलो की नाही ते विसरले. बायको गेल्याचं विसरले आणि तिला घरभर शोधत राहिले. ट्रक तेवढा विसरले नाहीत. सकाळी चहा झाला की खांद्यावर पंचा टाकून ते केबिनमध्ये चढून बसत. घरात अडवून ठेवलं की दार बडवत, लहान मुलासारखं रडत. स्टीअरिंगवर हात ठेवले की शांत होत.

गेल्या आषाढात संजना अंगणवाडीत कामावर गेली असताना पाऊस कोसळला. परत येऊन पाहते तर काचांच्या फटींतून पाणी केबिनमध्ये आलेलं, आणि वडील कमरेपर्यंत भिजून थरथरत बसलेले. न्यूमोनिया झाला. अकरा दिवस इस्पितळात काढले. पुन्हा असे भिजले तर या वयात निभावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पुण्याहून भाऊ प्रितेशचा फोन आला. म्हणाला, गाडी भंगारात घालून टाक. बाबा चार दिवस रडतील आणि मग विसरतील.

त्यातलं 'विसरतील' संजनाला सोसलं नाही. विसरायला आता त्यांच्यापाशी तेवढंच तर उरलं होतं.

साबणाच्या पाण्यात रबर बुडवून गुरुदास ते अंगठ्यानं खोबणीत सरकवत गेला. कोपऱ्याचा काप मनासारखा बसेना, म्हणून दोनदा काढून पुन्हा कापला. सांगितलं नव्हतं तरी काच वरखाली करायच्या हँडलला त्यानं तेल घातलं. समोरच्या काचेची सैल झालेली कडही घट्ट बसवली. दुपार कलली तेव्हा दोन्ही दारं झाली.

"आजोबांका बसवा," तो म्हणाला. "मी वरसून पाणी मारतंय. तुमी भितर बसान बघा."

तुकाराम घराच्या पायरीवरून उठले. घरात दोन पावलं टाकताना त्यांना आधार लागे, पण केबिनमध्ये ते एकटे चढले. संजना दुसऱ्या बाजूनं आत बसली आणि तिनं काचा वर घेतल्या. बाहेर वैशाखाचं कोरडं ऊन होतं. गुरुदासनं नळीचं तोंड बोटानं दाबून टपावर पाण्याचा फवारा सोडला.

पाणी काचांवरून धारांनी वाहू लागलं. संजनानं दोन्ही दारांच्या कडांवरून, कोपऱ्यांतून बोट फिरवलं. सगळं कोरडं होतं. गुरुदासला थांबायची खूण करायला तिनं हात उचलला आणि तो तसाच खाली घेतला.

तुकाराम पुढे झुकले होते. डोळे बारीक करून ते काचेपलीकडे बघत होते. चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांत न दिसलेली हुशारी आली होती.

"पावस लागलो," ते म्हणाले.

बाहेर गुरुदासनं त्यांचा चेहरा पाहिला असावा. त्यानं नळी बंद केली नाही.

थोड्या वेळानं तुकारामांचं लक्ष बाजूला गेलं. वाटेत हात दाखवून गाडीत चढलेल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं त्यांनी संजनाकडे पाहिलं. सकाळी तिनंच त्यांना पेज भरवली होती.

"खंय उतरतलंस, बाये?"

"कट्ट्यार," संजना म्हणाली.

"बरा झाला." त्यांनी नजर पुन्हा समोर वळवली. "थंय स्टॅण्डार माझा चेडू उभा आसतला, शाळेची पिशवी घेवन. संजना नाव तेचा. आज माका थांबूक जमाचा नाय. तू तेका सांग गो, तुझो बापूस येवन गेलो म्हणान."