कठडा

“तुम्ही बायका पोरांना पाळण्यातच म्हातारं कराल,” म्हणत नवऱ्याने लेकाचा पाळणा खोलायला घेतला. दोन वर्षांत एकदाही डायपर न बदललेल्या माणसाला अचानक बापपणाचं भरतं आलं होतं. स्क्रू मी काढले, हुकूम त्याने सोडले. सुटा झालेला कठडा भिंतीला टेकवून त्याने लेकासाठी आणलेल्या नव्या छोट्या पलंगाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. “याला पाच मिनिटांत झोपवतो बघ. तू मध्ये लुडबुडू नकोस,” बजावून त्याने लेकासकट दार लावून घेतलं. पाचव्या मिनिटाला घोरणं ऐकू आलं. मी दार ढकललं. महाशय पलंगावर पाय दुमडून ढाराढूर झोपले होते. लेक हाशहुश करत तो कठडा पलंगाकडे ओढत होता. मला पाहताच ओठांवर बोट ठेवून कुजबुजला, “बाबा पडेल.” मी कठडा नीट लावला, फोटो काढला आणि त्याच ग्रुपवर टाकला: “झोपला एकदाचा.”