एका पानावर दोघं

यश आणि रुचिरा केळीच्या एकाच पानापुढे बसले होते, पण असे, की मध्ये तिसरा माणूस सहज मावला असता. पान लांबलचक होतं म्हणून निभावलं.

"जवळ सरका गं," वाढता वाढता रत्नप्रभाअम्मा तंजावरी हेलात म्हणाल्या. "इथं दोघांना एकच पान. भात त्याच्याकडे, भाजी तुझ्याकडे. हवं ते एकमेकांकडून मागून घ्या."

समोर दुसऱ्या पानावर गुंडोराव वकील एकटेच जेवत होते. हे जेवण ज्या ट्रस्टचं, तो ट्रस्ट त्यांचा.

गुंडोरावांनी जन्मभर मद्रासच्या कोर्टात वकिली केली, ती फक्त घटस्फोटांची. ते नुसते खोकले तरी समोरच्या सासवा साक्ष बदलायच्या. एका जोडप्याच्या पोपटाचा ताबा त्यांनी असा वाटून दिला होता, की तो सहा महिने तमिळ बोले, सहा महिने तेलुगू, आणि अधिक महिना आला की गप्प बसे.

मग एके दिवशी काय झालं कोण जाणे. काळा कोट इस्त्रीवाल्याला देऊन टाकला, सगळी कमाई ट्रस्टमध्ये घातली आणि मैलापुरात बसून मोडायला आलेली लग्नं जोडू लागले. सल्ला फुकट, जेवण फुकट. पेपरात फोटोसुद्धा आला. म्हातारा पापं धुतोय, असं गल्लीतले लोक म्हणत, आणि जेवायला मात्र वेळेवर येत.

स्वयंपाक रत्नप्रभाअम्मांचा. घरही त्यांच्याच वडिलांचं, दारावर पाटी अजून वडिलांची. वकीलसाहेब रोज भाजीची पिशवी घेऊन येत, बेल वाजवत आणि अम्मा दार उघडेपर्यंत पायरीवर उभे राहत. जुन्या वळणाची माणसं. चार वाजले की छत्री उचलून तांबरमची गाडी पकडायला निघत. ट्रस्टचंच काही काम असणार. जाताना विचारत, "उद्या आहे ना?" अम्मा म्हणत, "बघू."

अम्मांची अट एकच होती. आपल्या पानावरून उठून एक जरी जोडपं कोर्टात गेलं, तर त्या दिवसापासून चूल बंद. वकीलसाहेबांसकट सगळ्यांना बंद. दोन हजार सहा साल उजाडलं तरी एकही गेलं नव्हतं.

आणि मग ही पुण्याची दोघं आली.

यश गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात, रुचिरा आयटीत रात्रपाळीला. तो सकाळी निघे तेव्हा ती परतत असे, त्यामुळे गाठ पडायची ती जिन्यात. भांडण तेवढ्यात उरकावं लागे, म्हणून तो चप्पल घालतानाच सुरू करे, ती जिना चढतानाच. आता त्यांना रीतसर वेगळं व्हायचं होतं. गुंडोरावांनी समजावलं, दटावलं, पोपटाची गोष्टही सांगितली. उपयोग शून्य.

जेवण संपलं. रुचिरा हात धुवायला उठली. यशने खाली बघितलं, पानाची आपल्याकडची कड उचलली आणि पान पलीकडे मिटलं.

अम्मांच्या हातातली पळी थांबली.

तिकडे जेवण झालं की पान आपल्याकडे मिटतात. त्याचा अर्थ, संबंध राहू दे, पुन्हा बोलवा. पलीकडे मिटतात ते सुतकाच्या जेवणात.

"संपलं," अम्मा म्हणाल्या. "वकीलसाहेब, उद्यापासून चूल बंद."

गुंडोराव ताकभाताचा घास तोंडात घेऊनच उभे राहिले. चेहरा पांढराफटक. त्यांनी घास गिळला आणि सवयीने पळीलाच 'माय लॉर्ड' म्हणून सुरुवात केली. मुलगा परमुलखातला आहे, त्याला इथली रीत ठाऊक नाही, अशी बाजू मांडत ते बोलले. अम्मांनी शांतपणे सांगितलं, की कायदा माहीत नव्हता ही सबब तुम्हीच कधी कुणाची चालू दिली नाहीत.

मग गुंडोरावांनी यशला उलटतपासणीला घेतलं.

"पान पलीकडे का मिटलंस?"

"रस्सम होतं काठाला. पँटवर सांडलं असतं."

"सांडलं तर सांडलं. पँटची एवढी काळजी का?"

यश पँट झटकू लागला. गुंडोरावांनी प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी कोर्टातल्या आवाजात. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायचा थांबला.

"ही नवी आहे," यश शेवटी पुटपुटला. "हिने दिलीय. वाढदिवसाला."

"कधी घातलीस?"

"आज पहिल्यांदा. आज दोघांची रजा होती ना."

ओल्या हाताने रुचिरा दारात उभी होती. तिने पँटकडे पाहिलं, मग गुंडोरावांकडे. त्यांच्या मिशीला ताक होतं आणि डोळ्यांत पाणी. ती हसायलाच लागली. यशलाही हसू आलं. एकत्र हसून दोघांना बरेच महिने झाले होते.

रुचिरा खाली बसली. पान पुन्हा उघडलं आणि दोघांनी मिळून आपल्याकडे मिटलं. थोडं रस्सम पँटवर सांडलंच. त्यावरून ते पुन्हा भांडले, पण खालच्या पट्टीत.

रात्रपाळी बदलून घ्यायची, कोर्टाचं नंतर बघू, असं ठरवून दोघं उठले. गुंडोरावांनी चारला छत्री उचलली. पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, "उद्या आहे ना?"

"या," अम्मा म्हणाल्या. आज 'बघू' नव्हतं. गुंडोराव इतक्या झपाट्याने चालू लागले, की छत्री मागून धावत असावी.

रुचिरा त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, तुमच्या दोघांसारखा संसार जमला पाहिजे आम्हाला. किती वर्षं टिकला हो?"

"चार," रत्नप्रभाअम्मा गुंडोरावांचं पान उचलत म्हणाल्या. "यांची पहिली केस, स्वतःचीच. कोर्टात असं बोलले, की मलासुद्धा पटलं. जिंकले. आता रोज दुपारी अपिलाला येतात."