रोजच्या वापराचा कॅमेरा

वजन.

"आधी गळ्यात अडकवून बघ," मामा म्हणाला. "रोजचा कॅमेरा मानेला विचारून घ्यायचा असतो."

भाचीने दोन्ही कॅमेरे आळीपाळीने अडकवले. तिला आठवा महिना होता. थोरला पोटावर टेकला, धाकटा वरच लोंबत राहिला. थोरला म्हणजे एसएलआर, धाकटा रेंजफाइंडर. मामाचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. बायको नाही, मूल नाही. रविवारी भाची आली की त्याच्या घरात माणसाचा आवाज व्हायचा.

"बाळाचे रोज फोटो काढणार आहे मी. दोन्हीतला एक दे. वारसाहक्काने मागतेय."

"मी अजून जिवंत आहे."

"म्हणून तर विचारतेय. नाहीतर उचलूनच नेला असता."

आवाज.

धाकटा पुटपुटतो. थोरला टाळी वाजवतो.

"झोपलेलं बाळ दचकेल रे याने."

"तुझ्यावर गेलं, तर उशाशी ढोल वाजवला तरी उठायचं नाही."

लेन्स.

"माझं ऐक, थोरलाच ने," मामा म्हणाला. "नखं, पापण्या, सगळं अगदी जवळून येतं. धाकट्याला हातभर अंतर लागतं, लांबची लेन्सही झेपत नाही. आणि झाकण काढायला विसरलीस, तर थोरल्यातून काळोख दिसतो, लगेच कळतं. धाकट्याची बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. अख्खा रोल वाया जाईल, पत्ता लागणार नाही."

"धाकट्याने तुझं काय घोडं मारलंय?"

मामा हसला. जरा उशिरा हसला.

भाचीने थोरला डोळ्याला लावला, मामावर रोखला आणि बटण दाबलं.

"अगंबाई! मध्येच सगळं काळं झालं."

"आतला आरसा वर जातो. फोटो निघतो नेमका तेवढा क्षण आपल्याला दिसत नाही."

तिने कॅमेरा डोळ्यावरून काढला. मग हळूच म्हणाली, "बाबांच्या वेळी झालं तसं."

"हं."

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. नव्या घराची गच्ची, कठडा अजून बांधायचा होता. बाबा ऐटीत उभे. मामाने बटण दाबलं, डोळ्यांपुढे काळोख आला, आरसा खाली आला तेव्हा गच्ची रिकामी होती. कसे पडले, कुणी पाहिलंच नाही. फोटो तेवढा आला होता. त्यात बाबा मान वळवून कुणाकडे तरी बघत हसत होते.

"बराच जुना असेल ना हा?" भाचीने थोरल्यावरून हात फिरवला.

"तू पहिलीत गेलीस ना, त्या वर्षी घेतला. तोवर माझं सगळं काम धाकट्यावरच..."

मामा थांबला.

भाचीने थोरला खाली ठेवला. धाकटा उचलला. दाराकडे धरला, बटण दाबलं. परत दाबलं. परत.

"मामा, बाबा गेले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते."

मामा थोरल्याच्या लेन्सवर झाकण लावू लागला.

"यात काळोख होत नाही. उलट फोटोच्या चौकटीच्या रेषांबाहेरचंही दिसतंय. तू पाहिलंस. सगळं पाहिलंस, आणि इतकी वर्षं आम्हाला आरसा दाखवलास!"

"जाऊ दे ना आता. या अवस्थेत उगाच..."

"आईने केलं काही? त्यांची भांडणं व्हायची, मला माहितेय."

"नाही! तिचं नाव काढू नकोस. ती खाली होती, भिंतींवर पाणी मारत."

"मग कोण? सांग, नाहीतर मी मेल्या आईवर संशय घेत जगेन."

तिचा तळवा पोटावर होता. आत काहीतरी हललं असावं, बोटं क्षणभर फाकली. मामाने तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मी," तो म्हणाला. "पाय कापले जात होते फोटोत. मी म्हणालो, अजून एक पाऊल मागे घ्या. मागे काही नाही हे मला दिसत होतं. तरी म्हणालो."

भाची उठली. टेबलाचा आधार घेत उठली. मामाने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

"आणि आईच्या शेजारी बसून रडलात तुम्ही."

जन्मात पहिल्यांदा ती त्याला तुम्ही म्हणाली.

"माझ्या बाळावर तुमची सावलीसुद्धा पडता कामा नये. मेलात तरी कळवू नका."

दोन्ही कॅमेरे टेबलावर राहिले. जिन्यात तिची पावलं सावकाश उतरत गेली. मामाने ती शेवटपर्यंत ऐकली.

त्याने कुणालाही मागे सरकायला सांगितलं नव्हतं. फोटोत पाय नीट आले होते. चौकटीच्या डाव्या रेषेबाहेर, धाकट्याच्या खिडकीत लख्ख दिसणाऱ्या जागेतून, एक चिमुरडी आपल्या बाबांना भो करायला धावत येत होती, दोन्ही हात पुढे करून.