तहानलेल्या राजाचा अध्याय

राजा तिसऱ्यांदा उठला, तेव्हा इंझोरीच्या मारोतीच्या सभामंडपात दोनशे माणसांनी एकदम श्वास रोखला. तो इतक्या जोरात आत ओढला, की हवेचा झोत बसून आढ्यावरचं कबुतर खाली आलं.

टीव्हीच्या पडद्यावर मुकुट घातलेला काळा सांगाडा उभा होता, हातात पुरुषभर तलवार. त्याच्यासमोर राजपुत्र रतनकुमार एकटा उरलेला. रतनकुमारच्या जिवाची हिरवी पट्टी नखाएवढी शिल्लक होती. खेळाची बटणं वैभवीच्या हातात होती.

"आज राजा पडला नाही, त मी टीव्ही उचलतो," दाराशी उभे असलेले जानराव म्हणाले. टीव्ही त्यांचाच होता. "घरी बाया मालिकेसाठी कावल्या हायेत. आधीच सांगून ठेवतो, वैनी."

वैनी म्हणजे वैभवीच्या आजी पंचफुलाबाई. टीव्ही गेला की माणसं जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्या या मंडपात पोथीचा अर्थ सांगत आल्या होत्या. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, ही इथली रीत. पुढे घरोघर मोबाइल आले आणि ऐकायला फक्त रंगूबाई उरल्या. त्याही झोप चांगली लागते म्हणून येत.

मग वैभवीनं मंगरूळपीरच्या भंगारवाल्याकडून हे टीव्हीला जोडायचं जपानी खेळाचं जुनं डबडं आणलं. त्यात राजवाडा होता, जंगल होतं, आगबोट होती, आणि कुणीही तोंड उघडलं की पडद्याच्या तळाशी मजकूर उमटायचा. वैभवी बी.ए.ला, विषय इंग्रजी. ती फाडफाड वाचायची, आजी अर्थ सांगायची. पंचफुलाबाईंना इंग्रजी कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही. त्यांना संस्कृतही येत नव्हतं, तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

आणि अर्थ तरी कसा! पहिल्या दिवशी अकरा माणसं होती. आठव्या दिवशी पोहरादेवीच्या दर्शनाला निघालेली एक अख्खी जीप इकडेच वळली, ती परत गेलीच नाही. रतनकुमारची बहीण केवडा लढाईत मेली, त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. रंगूबाईंनी दहा दिवस सुतक पाळायला लावलं. डबड्यावर पांढरा दुपट्टा टाकला. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. रतनकुमार या राजाला संपवल्याशिवाय राहणार नाही, असं पंचफुलाबाईंनी कबूल केलं, तेव्हा कुठे शिवला.

"मार त्याले! पाहून काय राह्यली?" तांड्यावरून रोज येणारा गुलाबसिंग ओरडला.

वैभवीनं वार केला. राजाला ओरखडा नाही. राजानं उलटा वार केला आणि हिरवी पट्टी लाल झाली. आता रतनकुमारच्या झोळीत एकच वस्तू उरली होती: केवडानं मरताना दिलेली अमृताची कुपी.

"आजी, रतनले पाजू का?"

"थांब. राजा काय म्हनून राह्यला, ते वाच पयले."

पडद्यावर दोन ओळी आल्या होत्या. वैभवीनं त्या वाचल्या. पंचफुलाबाईंनी डोळे मिटले. मंडपात मुंगी चालली असती तरी तिचे पाय वाजले असते.

"तो म्हनते," त्या हळूच म्हणाल्या, "मी रनात पडलो तवा पानी पानी केलं. कोनी तोंडात थेंब घातला नाही. तवापासून हा असा उभा हाओ."

रंगूबाईंचा पदर डोळ्यांकडे गेला.

"वैभवी, कुपी राजाले पाज."

मंडप पेटला.

"दुश्मनाले?"

"आजी, अवं एकच हाय!"

"आमी त्या पोरीचं सुतक पाळलं," गुलाबसिंग उभा राहिला, "अन तिच्या हातचं अमृत या मुडद्याले? भेजा फिरला का बुढीचा?"

जानराव टीव्हीच्या वायरीपर्यंत पोचले.

"पानी मांगनाऱ्याची जात अन वैर इचारत नसतात, जानरावभाऊ," पंचफुलाबाईंचा आवाज चढला. "वायर सोडा. अन तू पाज म्हनलं ना, पोरी!"

वैभवीनं बटण दाबलं.

कुपी उडाली आणि राजाच्या तोंडाला लागली. राजा थांबला. त्याच्या अंगावर घावाचा आकडा लखलखला, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. तलवार गळाली. सांगाडा पायापासून पांढरा होत गेला आणि चुन्यासारखा झडला. पडद्यावरचं आभाळ फुललं, सनई वाजावी तसं काहीतरी वाजू लागलं.

मग जो जल्लोष झाला, त्यानं मंगरूळपीरची बस फाट्यावर आपोआप थांबली. गुलाबसिंगनं रंगूबाईंच्या मांडीवरचं आरतीचं ताट घेऊन ते डफासारखं बडवलं. जानराव पुढे आले, पंचफुलाबाईंच्या पायाशी वाकले. "वैनी, टीव्ही मारोतीले वाह्यला. घरच्या बायाही उद्यापासून इथंच येतीन." कुणीतरी देवाच्या गळ्यातला झेंडूचा हार काढून पंचफुलाबाईंना घातला.

त्या गोंधळात वैभवी आजीच्या कानाशी वाकली. तिचा चेहरा पडला होता.

"आजी, रागवू नको. हे इंग्रजी नाही व, जपानी हाय. मले एक अक्षर येत नाही. बी.ए.वालीची इज्जत जाईन म्हनून रोज तोंडाले येईन ते वाचलं."

"पयल्याच दिवशी समजलं मले," पंचफुलाबाई हार सरळ करत म्हणाल्या. "केवडा मेली तवा तू पावसाळ्यावरचा इंग्रजी निबंध म्हनत होती. लहानपनी माह्याच वट्ट्यावर पाठ केला तू."

"मंग राजाले पानी पायजे, हे कुठी लिहिलं होतं?"

"कुठीच नाही. काहानी माहीच होती, पोरी. राजानं आयकली, म्हनून त सुटला."